दोऱ्याने मोजलेलं अंतर : मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को

"आजी, तू किती लांब आहेस?" असं नातवाने फोनवर विचारलं, तेव्हा माझी बॅग भरणं चाललं होतं. २०१८ चा जून महिना. लेकीचं दुसरं बाळंतपण जुलैत होतं, आणि आम्ही दोघं साताऱ्याहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालो होतो. पोराचं वय साडेचार. त्याला किलोमीटर सांगून काय कळणार? "दोन दिवस लांब" असं सांगितलं आणि फोन ठेवला. पण ते उत्तर मला रात्रभर खटकत राहिलं. ३१ वर्षं मी हायस्कूलवर भूगोल शिकवला, आणि नातवाने विचारलेल्या भूगोलाच्या पहिल्याच प्रश्नाला मी वेळ सांगितली, अंतर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटावरचा पृथ्वीगोल खाली काढला. निरोप समारंभात शाळेने दिलेला, १२ इंच व्यासाचा. त्याचा घेर साधारण ९६ सेंटीमीटर, आणि विषुववृत्तावर पृथ्वीचा घेर ४०,०७५ किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे खरे ४१८ किलोमीटर. शिवणाच्या डब्यातला जाडसर पांढरा दोरा घेतला. आमची तिकिटं दुबईवरून होती, म्हणून आधी मुंबई ते दुबई मोजलं. साडेचार सेंटीमीटर आणि किंचित वर, म्हणजे १,९०० किलोमीटरच्या थोडं पुढे. मग दोऱ्याचं एक टोक दुबईवर अंगठ्याने दाबून धरलं आणि दुसरं पश्चिमेकडे नेलं. सौदी, इजिप्त, लिबिया, मोरोक्को, अटलांटिक, मग अख्खी अमेरिका ओलांडून सॅन फ्रान्सिस्को. भिंतीवरच्या नकाशात असाच रस्ता दिसतो. ४१ सेंटीमीटर भरले. हिशेबाने १७,००० किलोमीटर.

तिकिटाबरोबर आलेल्या कागदावर मात्र दुबई ते सॅन फ्रान्सिस्को १३,००० किलोमीटर लिहिलेलं होतं. चार हजारांची तफावत. चार हजार किलोमीटर म्हणजे काश्मीर ते कन्याकुमारी जाऊन वर बरंच उरतं.

मग मी दोरा सैल सोडला आणि दोन्ही टोकं धरून ताणला. ताणलेला दोरा आपला रस्ता आपणच शोधतो, त्याला शिकवावं लागत नाही. तो घसरत घसरत वर सरकला, इजिप्तवरून सुटला, तुर्कस्तानावरून गेला, रशियावर चढला, आणि शेवटी गोलाच्या डोक्यावर जी पितळी खिळी असते, जिच्यावर गोल फिरतो, तिला जाऊन टेकला. उत्तर ध्रुव. खिळीच्या अगदी कडेने दोरा पलीकडे उतरला, कॅनडाच्या बेटांवरून सरळ खाली. दोन्ही शहरांवर शाईने खुणा केल्या आणि पट्टीवर ठेवला. ३१ सेंटीमीटर. वर्गातली ३० ची पट्टी आणि वर बोटभर.

हे माझ्यासाठी नवीन नव्हतं, आणि तरीही होतं. गोलावरच्या दोन ठिकाणांमधलं सर्वांत कमी अंतर बृहद्वृत्तावरून, म्हणजे गोलाचे बरोबर दोन अर्धे करणाऱ्या वर्तुळावरून जातं, हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायची. पण दोरा खिळीला अडकल्याचं बोटांना जाणवलं ते त्या दिवशीच. दुबई ५५ पूर्व रेखांशावर आहे आणि सॅन फ्रान्सिस्को १२२ पश्चिम रेखांशावर. दोन्हींची बेरीज १८० च्या अगदी जवळ जाते. म्हणजे ही दोन शहरं ध्रुवाच्या जवळजवळ समोरासमोरच्या बाजूंना आहेत, आणि एकीकडून दुसरीकडे जायचा जवळचा रस्ता पूर्वेकडूनही नाही, पश्चिमेकडूनही नाही. तो डोक्यावरून आहे.

भिंतीवरच्या नकाशाचा तरी काय दोष? मर्केटर नावाच्या नकाशाकाराने १५६९ मध्ये तो आखला तो जहाजांसाठी. होकायंत्राची दिशा एकदा धरली की नकाशावर सरळ रेघ मारत जाता यावं, एवढ्यासाठी. त्या सोयीसाठी ध्रुवाकडचे प्रदेश त्याला ताणावे लागले. म्हणून त्यात ग्रीनलंड आफ्रिकेएवढं दिसतं, आणि प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदापट आहे. आपला भारतसुद्धा ग्रीनलंडपेक्षा मोठा आहे. वर्गात हे सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नसे. मी त्यांना क्षेत्रफळाचे आकडे दाखवायची. दोरा दाखवायला हवा होता.

दुसरा घोळ घरात वेळेवरून झाला. ह्यांनी तिकीट वाचलं: दुबईहून सकाळी नऊच्या सुमारास सुटणार, सॅन फ्रान्सिस्कोला त्याच दिवशी दुपारी पावणेदोनच्या आसपास पोचणार. "पाच तासांचाच प्रवास आहे की," असं ह्यांनी शेजारच्या काकांना सांगूनही टाकलं. मी वहीचं मागचं पान काढलं. अशा प्रवासाला निघणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगते: सगळ्या वेळा आधी एका घड्याळावर आणा, मग वजाबाकी करा. तिकिटावर प्रत्येक गावाची वेळ त्या त्या गावाची लिहिलेली असते. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. सॅन फ्रान्सिस्को उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा, कारण तिकडे वर्षातून दोनदा घड्याळं सरकवतात. सगळं भारतीय वेळेत लिहिलं तर दुबईहून निघणं सकाळी साडेदहाला आणि उतरणं रात्री दोनच्या पुढे. पंधरा-सोळा तास. ह्यांनी पान दोनदा वाचलं आणि गुडघ्याचा पट्टा हातातल्या बॅगेत टाकला.

माझ्याकडे एचएमटीचं किल्लीचं घड्याळ आहे, नोकरी लागल्यावर घेतलेलं. मी ठरवलं की ते संपूर्ण प्रवासात भारतीय वेळेवरच ठेवायचं. फोन आपोआप बदलेल तो बदलू दे.

शनिवारी संध्याकाळी पाचला साताऱ्याहून गाडीने निघालो. सातारा ते मुंबई विमानतळ अडीचशे किलोमीटर, घाटात ट्रक बंद पडलेला, सहा तास लागले. तेवढं अंतर पुढे विमानाने अठरा मिनिटांत कापलं. मुंबईच्या रांगा, पहाटे साडेचारचं विमान, तीन तासांत दुबई, तिथली दुसरी तपासणी, हे सगळं ज्यांनी केलंय त्यांना ठाऊक आहे. वयस्कर माणसांसाठी एवढंच लिहिते की मधल्या विमानतळावर दोन तासांपेक्षा कमी वेळ असलेलं तिकीट घेऊ नका. आम्हाला अडीच तास होते आणि ते सगळे चालण्यातच गेले.

मी मुद्दाम डावीकडची खिडकी मागून घेतली होती. दोऱ्यावरून मांडलेला हिशेब होता तो, पुढे सांगते.

विमान सव्वानऊ-साडेनऊला उडालं, आणि समोरच्या पडद्यावर वाटेचा नकाशा आला. आखातावर वळण घेतल्यावर त्याचं नाक उत्तरेला लागलं आणि ते हललंच नाही. पश्चिमेच्या देशाला निघालेलं विमान सरळ उत्तरेला जातंय, हे पलीकडच्या सीटवरच्या काकूंना पटेना. "चुकलं तर नाही ना हो?" म्हणाल्या. मी पर्समधून दोरा काढला. गोल नव्हता, म्हणून जेवणाच्या ताटातलं संत्रं घेतलं, देठाची जागा म्हणजे ध्रुव धरला, आणि दोन्ही बाजूंना पेनाने टिंब काढून दोरा ताणून दाखवला. त्यांनी संत्रं हातात घेऊन फिरवून फिरवून पाहिलं. मग त्या निवांत झोपल्या.

इराणचे तपकिरी डोंगर, मग डावीकडे कॅस्पियनचा किनारा, फिकट हिरवट पाणी. कझाकस्तानचं सपाट माळरान. चार तासांनी उफा, मग पर्म. ही दोन्ही शहरं दुबईच्याच रेखांशाच्या आसपास आहेत, हे मी आयुष्यभर पाहत आलेल्या नकाशात कधी लक्षात आलं नव्हतं. रशियाची जंगलं आणि त्यातून वेटोळी घालत जाणाऱ्या नद्या. साडेपाच-पावणेसहा तासांनी जमीन संपली. पुढे नोवाया झेमल्या, त्याच्या पुढे फ्रान्झ जोसेफ लँड ही रशियाची बेटं, आणि मग पडद्यावर नुसतं पांढरं.

मधल्या वेळात काय केलं? दर दीड तासाला उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत चालून आलो. पायात घट्ट मोजे होते, डॉक्टरांनी सांगितलेले, कारण इतके तास पाय लोंबते राहिले तर पोटरीत रक्ताची गुठळी होऊ शकते. घोट घोट पाणी. गोळ्या भारतीय वेळेप्रमाणेच घेतल्या, आणि त्यासाठी ते किल्लीचं घड्याळ फार उपयोगी पडलं. ह्यांचा गुडघा नवव्या तासाला कुरकुरायला लागला. तिथून पुढे ते बराच वेळ मागे उभेच होते.

आता सूर्याबद्दल. दुबईला निघताना सूर्य उजवीकडे होता, पूर्वेला, सकाळच्या जागी. तीन तासांनी तो मागे गेला, म्हणजे दुपारचे बारा. मग माझ्या खिडकीत आला, डावीकडे, पश्चिमेला, आणि उतरायला लागला. इथवर कोणत्याही दिवसासारखंच. सगळ्यांनी झडपा ओढून घेतल्या, विमानात रात्रीसारखा अंधार केला. मी माझी झडप चार बोटं उघडी ठेवली होती, आणि त्या फटीला डोळा लावून बसले होते.

साधारण आठ तास झाल्यावर पडद्यावर अक्षांश ८८ च्या आसपास दिसला. खाली ढगांत भगदाड पडलं होतं. त्यातून बर्फ दिसला. मला वाटलं होतं सपाट, पांढरंशुभ्र असेल. ते तसं नव्हतं. पोपडे आलेल्या भिंतीसारखं, तुकड्या-तुकड्यांचं, आणि त्यांच्या मधून काळ्या भेगा. त्या भेगा म्हणजे समुद्राचं उघडं पाणी. उत्तर ध्रुवावर जमीन नाही, तरंगणारा बर्फ आहे, हेही मी शेकडो वेळा शिकवलं होतं. एक भेग विमानाच्या वेगालाही बराच वेळ पुरली.

मी हात लांब करून वीत उघडली आणि खिडकीशी धरली. सूर्य क्षितिजापासून वीतभर वर होता. जूनमध्ये ध्रुवावर सूर्य साडेतेवीस अंशांच्या आसपास असतो, आणि लांब केलेल्या हाताची वीत जवळपास तेवढ्याच अंशांची असते. मुलांना मी हे मैदानावर उभं करून शिकवायची. तिथे तो सूर्य मावळत नाही आणि वरही चढत नाही, त्याच उंचीवरून गोल गोल फिरतो.

मग जे झालं त्यासाठी मी ती खिडकी घेतली होती. उतरत आलेला सूर्य उतरायचा थांबला. विमान ध्रुवाजवळून पलीकडे गेलं, आता नाक दक्षिणेला होतं, आणि दक्षिणेला तोंड केलं की डावीकडे पूर्व. म्हणजे तोच सूर्य, त्याच खिडकीत, क्षणापूर्वी पश्चिमेचा होता तो आता पूर्वेचा झाला. पलीकडच्या रेखांशावर पहाटेचे सव्वापाच-साडेपाच वाजले होते. दुपार टळत आलेली होती ती रात्र न होताच सकाळ झाली, तारीख तीच. कुठे धक्का नाही, आवाज नाही. पुढचे सात तास तो सूर्य हळूहळू वर चढत गेला.

मी एचएमटीच्या घड्याळात पाहिलं. सात वाजून दहा मिनिटं. साताऱ्यात त्या वेळी सूर्य मावळत होता. शेजारच्या काकूंनी आमच्या दारात दिवा लावायचं कबूल केलं होतं, त्या तो लावत असतील. माझे डोळे भरून आले. ह्यांना उठवून फटीतून बाहेर दाखवलं. ते काही बोलले नाहीत, फक्त बराच वेळ बघत राहिले.

लेकीला निरोप पाठवायचा प्रयत्न केला, पण वाय-फाय गेलेलं होतं. ते ज्या उपग्रहांवरून येतं ते विषुववृत्ताच्या वर जवळपास ३६,००० किलोमीटरवर असतात, आणि ध्रुवाजवळून ते क्षितिजाच्या खाली जातात, दिसतच नाहीत. पडद्यावर बाहेरचं तापमान उणे पन्नासच्या खाली होतं. विमानदुरुस्तीच्या कामातल्या पुतण्याने मला आधी सांगून ठेवलं होतं की विमानाचं इंधन उणे ४७ ला गोठू लागतं. मग ते गोठत कसं नाही? विमान इतक्या वेगाने हवा दाबत जातं की पंखांचा पृष्ठभाग बाहेरच्या हवेपेक्षा वीसेक अंश गरम राहतो, आणि पंखांतल्या टाक्यांचं तापमान वैमानिक सतत पाहत असतात. फार उतरलं तर खालच्या, उबदार थरात येतात किंवा वेग वाढवतात. हे ठाऊक होतं म्हणून त्या तासाभरात मी भ्याले नाही.

अंतर आणि वेळ यांचं नातं सरळ नसतं, हेही लिहायला हवं. २०१६ च्या ऑक्टोबरात एअर इंडियाने दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को विमान पश्चिमेकडच्या अटलांटिकऐवजी पूर्वेकडच्या पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर साधारण १,४०० किलोमीटरने वाढून १५,३०० झालं आणि वेळ मात्र कमी झाला, साडेचौदा तासांच्या आसपास आला. तेव्हा बऱ्याच ठिकाणी छापून आलं की पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून विमान लवकर पोचतं. ते तसं नाही. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. फायदा होतो तो दहा-बारा किलोमीटर उंचीवरच्या झोतवाऱ्यांचा, जे पश्चिमेकडून पूर्वेकडे ताशी दोन-दोनशे किलोमीटरने वाहतात. विमान त्यांच्यात शिरलं की तेवढा वेग फुकट मिळतो. पुढे जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळुरूला ध्रुवावरून विमान आणलं, तेव्हा ते कात्रण मी शाळेत नेऊन दिलं. सातवीच्या मुलींनी ते वर्गात लावलं.

ध्रुवानंतर अडीच तासांनी कॅनडाचं बँक्स बेट, मग मोठी गोठलेली सरोवरं, मग झाडांनी भरलेले डोंगर. सिअ‍ॅटलपाशी माझ्याच बाजूला रेनिअर पर्वत आला. जूनमध्येही डोक्यापासून खांद्यापर्यंत बर्फ, एकटाच उभा, खाली धुकं. दुपारी १ वाजून ४० मिनिटांनी चाकं टेकली. माझ्या घड्याळात रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं, सोमवार. शनिवारी संध्याकाळी पाचपासून ३३ तास, त्यातले हवेत साडेअठरा. बाकीचे रस्त्यावर आणि रांगेत.

साडेबारा तासांचा फरक म्हणजे शरीराला दिवसाची रात्र करून घेणं. मला सहा दिवस लागले. रात्री दोनला टक्क जाग यायची, भूक लागायची, आणि लेकही अवघडलेली, तिलाही झोप नसायची. त्या सहा रात्री आम्ही दोघी स्वयंपाकघरात दूध-पोहे खात बसायचो. इतक्या निवांत गप्पा तिच्या लग्नानंतर झाल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी नातवाला म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, आजी किती लांब आहे? हे बघ." आणि पर्समधला दोरा काढला. त्याच्या खोलीत त्याचा छोटा पृथ्वीगोल होता, ८ इंचांचा. त्याने दुबईवर बोट दाबलं, मी दोरा ध्रुवावरून उतरवला. दोरा सॅन फ्रान्सिस्कोशी थांबला नाही. पुढे पॅसिफिकमध्ये उतरला, विषुववृत्त ओलांडलं, आणि पिटकेर्न बेटांजवळ, पार दुबईच्या विरुद्ध टोकाला जाऊन संपला.

"आजी, तू इथे राहतेस?" त्याने निळ्या पाण्यावर बोट ठेवून विचारलं.

मी त्याला मांडीवर घेतलं. माझा गोल मोठा आहे, तुझा लहान आहे, म्हणून तुझ्या गोलाला लहान दोरा लागतो, एवढं समजवायला दुपार गेली. एक मोठा चेंडू, एक लिंबू, दोन्हींवर मुंगी कशी चालेल हे दाखवलं. शेवटी त्यानेच कात्री आणली. नवीन दोरा मापून कापला, वीस सेंटीमीटर आणि किंचित वर. मग म्हणाला, "आता तुझ्या घरापर्यंतचा दे." दुबईपासून मुंबईपर्यंतचा आणखी एक कापला, तीन सेंटीमीटरचा. त्याने दोन्हींची टोकं धरून माझ्याकडे दिली, आणि मी गाठ मारली.